सोसायटीचं दप्तर घेऊन हजर राहा, असं कोर्टाचं समन्स आलं तर

प्रश्न असा आहे: दादरच्या एका गृहनिर्माण संस्थेचे मानद सचिव लिहितात की त्यांच्या एका दिवंगत सभासदाच्या फ्लॅटवरून मुलगा आणि मुलगी यांच्यात दावा चालू आहे. संस्था त्यात पक्षकार नाही. मुलीच्या अर्जावरून सिटी सिव्हिल कोर्टानं सचिवांच्या नावे समन्स काढलं आहे. नॉमिनेशन रजिस्टर, ‘आय’ (सभासदांचं) रजिस्टर आणि ‘जे’ (सभासदांच्या यादीचं) रजिस्टर, शेअर ट्रान्सफरची फाइल, दोन वर्षांची इतिवृत्तं आणि एका दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज घेऊन यायला सांगितलं आहे. मुलगा म्हणतो, मूळ कागद नेऊ नका. कमिटी म्हणते, झेरॉक्स पाठवून द्या. स्वतः गेलंच पाहिजे का, मूळ वह्या कोर्टात अडकून पडतील का, उलटतपासणी होईल का, हे त्यांना विचारायचं आहे.

सचिवसाहेब, आधी मनातला एक गैरसमज काढून टाका. हे समन्स मुलीनं पाठवलेलं नाही. अर्ज तिचा, पण आदेश न्यायाधीशांचा. त्यामुळे ते पाळायचं की नाही हे मुलगा ठरवू शकत नाही, कमिटी ठरवू शकत नाही आणि तुम्हीही नाही. तुम्हाला आक्षेप घेता येतो, मुदत मागता येते, संरक्षण मागता येतं, पण सगळं कोर्टासमोर उभं राहून. घरी बसून घेतलेला आक्षेप कायद्याच्या लेखी गैरहजेरीच ठरतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १६५ मध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे: कागद तुमच्या ताब्यात किंवा अधिकारात असेल तर हरकत असली तरी तो कोर्टात आणायचा. हरकत बरोबर की चूक ते कोर्ट ठरवेल.

आता समन्स हातात घ्या आणि पुन्हा वाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६ (इथे ‘आदेश’ म्हणजे संहितेतलं प्रकरण), नियम ५ प्रमाणे त्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: कधी आणि कुठे यायचं, कशासाठी यायचं, आणि कोणता कागद आणायचा याचं पुरेसं नेमकं वर्णन. यातली ‘कशासाठी’ ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक वाचत नाहीत. समन्स तीन प्रकारचं असतं. फक्त साक्ष द्यायला या, फक्त कागद हजर करा, किंवा कागद घेऊन या आणि साक्षही द्या. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका ओळीवर अवलंबून आहेत.

समन्स फक्त कागद हजर करण्यापुरतं असेल, तर तुम्ही स्वतः जायलाच हवं असं नाही. त्याच आदेशाचा नियम ६ सांगतो की कागद दुसऱ्या कुणाच्या हस्ते कोर्टात पोचवले तरी समन्सचं पालन झालं असं मानलं जातं. म्हणजे संस्थेचा मॅनेजर किंवा कमिटीचा एखादा सदस्य अधिकारपत्र घेऊन गेला तरी चालतं. कागद आणून देणारा माणूस तेवढ्यानं साक्षीदार होत नाही आणि त्याची उलटतपासणी घेता येत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम १४४ त्यासाठीच आहे. कोर्टात एखादा वकील लगेच उठून ‘ही सही कुणाची, त्या दिवशी मीटिंगला कोण होतं’ असं विचारू लागला, तर शांतपणे न्यायाधीशांकडे पाहून सांगायचं, ‘मला फक्त दप्तर हजर करायला बोलावलं आहे.’ एवढं पुरतं.

तरीही माझा सल्ला असा की तुम्ही स्वतः जा. कारण कोर्टात हजर असलेल्या कुणालाही तिथल्या तिथे साक्ष द्यायला सांगण्याचा अधिकार नियम ७ खाली न्यायाधीशांना आहे. तशी वेळ आली आणि तिथे कालच कामाला लागलेला मॅनेजर उभा असला, तर तो ‘मला माहीत नाही’ यापलीकडे काही सांगू शकणार नाही. मग नवी तारीख पडेल आणि तुमच्या नावे नवं समन्स निघेल. शिवाय कागद हजर होणं आणि कागद सिद्ध होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. रजिस्टर टेबलावर आलं म्हणून त्यातली नोंद खरी ठरत नाही. ते रजिस्टर कोण ठेवतो, रोजच्या कामात ठेवलं जातं का, नोंद कुणाच्या हातची, हे कुणीतरी शपथेवर सांगावं लागतं. म्हणून मुंबईतले बहुतेक वकील दोन्ही कामांसाठी एकच समन्स मागतात. तुमच्या समन्सवर दोन्ही उद्देश लिहिले असतील तर नियम ६ ची सवलत संपली. मग तुम्हालाच जायचं आहे.

मूळ वह्यांची भीती मला समजते. दादर, गिरगाव, परळच्या जुन्या संस्थांमध्ये एकच नॉमिनेशन रजिस्टर चाळीस-पन्नास वर्षं चालत आलेलं असतं. ते हरवलं तर शंभर कुटुंबांचा पुरावा जातो. पण कायद्यानं याची सोय फार पूर्वी केली आहे आणि दुर्दैवानं ती मागणारे थोडे. त्याच संहितेचा आदेश १३, नियम ५ पाहा. पक्षकार नसलेल्या माणसाच्या वहीतली नोंद पुराव्यात घ्यायची असेल तर कोर्ट त्या नोंदीची प्रत मागवू शकतं, ती मुळाशी ताडून पाहतं, वहीतल्या नोंदीवर खूण करतं आणि वही आणणाऱ्याला परत देतं. रोजच्या भाषेत याला ‘मूळ पाहिलं, परत केलं’ म्हणतात. तुम्ही एवढंच करायचं: संबंधित पानांच्या स्वच्छ झेरॉक्स तीन संच करून न्यायच्या, प्रत्येक पानावर ‘खरी प्रत’ लिहून सही-शिक्का मारायचा आणि कागद पुढे करतानाच न्यायाधीशांना विनंती करायची की वही चालू वापरातली आहे, प्रत ताडून मूळ परत मिळावं. ही विनंती तोंडी करता येते, पण मी लेखी अर्ज सुचवेन. एका पानाचा पुरतो. लिहिलेली विनंती रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) येते, तोंडी विनंती गर्दीच्या बोर्डात (त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) विरून जाते.

कमिटीचं ‘झेरॉक्स पाठवून द्या’ हे मात्र चालणार नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३९ खाली संस्थेनं नियमित ठेवलेल्या वहीतल्या नोंदीची विहित पद्धतीनं प्रमाणित केलेली प्रत पुरावा म्हणून चालते हे खरं. केवळ नोंद आहे की नाही एवढाच मुद्दा असता तर तशी प्रत देऊन मूळ वही आणण्यातून सूट मागता आली असती. पण भावंडांच्या अशा वादात प्रश्न बहुधा सहीचा असतो. नॉमिनेशन फॉर्मवरची वडिलांची सही खरी का, तारीख नंतर घातली का, शाई वेगळी आहे का. झेरॉक्समध्ये शाईचा दाब दिसत नाही आणि खाडाखोड लपते. समन्सात मूळ मागितलं असेल तर मूळच न्या.

हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवायचं म्हणून कोर्टानं फॉर्म ठेवून घ्यायचं ठरवलं, तर अडवू नका. त्या वेळी मागा की वहीऐवजी फक्त तो सुटा फॉर्म ठेवावा, तो सीलबंद पाकिटात राहावा, तुम्हाला पोच मिळावी आणि त्या पानाची प्रमाणित प्रत संस्थेकडे राहावी. पोच घेतल्याशिवाय कोर्टरूममधून हलू नका. शिरस्तेदार (कोर्टाचं दप्तर सांभाळणारे कर्मचारी) कामात असतील, दोन तास थांबावं लागेल, थांबा. कागद वकिलाच्या हातात तर कधीच देऊ नका, मग तो मुलीचा वकील असो वा मुलाचा. ‘मी साहेबांसमोर ठेवतो, तुम्ही जा’ असं गोड बोलून फाइल ताब्यात घेतल्याचे आणि पुढे त्या फाइलवरून दोन्ही बाजूंनी आरोप झाल्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. फाइल तुमच्या हातून कोर्टाच्या हातात गेली पाहिजे, मध्ये कुणी नको.

जाण्यापूर्वीचा आठवडा इथे निर्णायक असतो, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. समन्स मिळालं त्या दिवशी आवक रजिस्टरमध्ये नोंद करा आणि मागितलेलं सगळं दप्तर कुलपात ठेवा. मग यादी करा: वहीचं नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण पानं, कोणती पानं कोरी, कोणती फाटलेली, कुठे सही नाही. प्रत्येक संबंधित पानाचा फोटो काढा. कमिटीत एक साधा ठराव करा की हे कागद अमुक समन्सप्रमाणे अमुक व्यक्ती कोर्टात नेत आहे.

आणि त्या वह्यांना हात लावू नका. हे मी कळकळीनं सांगतो. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांत इतिवृत्तावर अध्यक्षांची सही राहून गेलेली असते, ‘जे’ रजिस्टर दोन वर्षं अद्ययावत नसतं, ‘आय’ रजिस्टरचा शेवटचा रकाना कोरा असतो. समन्स आलं की कुणीतरी प्रामाणिक हेतूनं सुचवतं, ‘आता पूर्ण करून टाकू, कोर्टात लाज नको.’ नाही. समन्सनंतर घातलेली जुनी तारीख म्हणजे खोटा पुरावा तयार करणं, आणि न्यायालयीन कामात त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. अपूर्ण रजिस्टरसाठी फार तर न्यायाधीश दोन शब्द सुनावतील, उपनिबंधक पत्र पाठवतील. ते सोसता येतं. वही जशी आहे तशी न्या आणि विचारलं तर ‘सही राहिली आहे’ असं सरळ सांगा.

मुलगा तुम्हाला जे सांगतो आहे, त्याचं गांभीर्य त्याला कळलेलं दिसत नाही. कोर्टात हजर होऊ नये म्हणून कागद दडवणं किंवा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खालचा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. कायद्यानं बांधील असूनही कोर्टासमोर कागद हजर न करणं हा कलम २१० खालचा वेगळा गुन्हा. त्याला फोनवर उत्तर देत बसू नका. एक ओळीचं पत्र द्या: ‘कोर्टाच्या आदेशाप्रमाणे संस्था दप्तर हजर करणार आहे. आपली हरकत असल्यास आपल्या वकिलांमार्फत कोर्टात मांडावी.’ तो दाव्यात पक्षकार आहे, त्याला तसा पूर्ण हक्क आहे. याच पत्राची प्रत मुलीला द्या. संस्था कुणाच्या बाजूची नाही हे कागदावर दिसलं पाहिजे, कारण उद्या दोघंही तुमचे शेजारीच असणार आहेत.

समन्स पाळलंच नाही तर काय होतं, तेही माहीत असू द्या, भीतीसाठी नव्हे तर अंदाज यावा म्हणून. समन्स मिळाल्याचा पुरावा असेल आणि गैरहजेरीला योग्य कारण नसेल, तर कोर्ट आधी उद्घोषणा (हजर राहण्याचा जाहीर हुकूम) काढू शकतं, जामीनपात्र किंवा बिगरजामीन वॉरंट काढू शकतं, मालमत्ता जप्त करू शकतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंडही आहे. एका तारखेला आजारपणामुळे गेला नाहीत म्हणून कुणी लगेच वॉरंट काढत नाही. पण मेडिकल सर्टिफिकेट आणि अर्ज घेऊन कुणालातरी पाठवायलाच हवं.

आता मागणी भलतीच व्यापक असेल तर? तुमच्या समन्सात ‘दोन वर्षांची इतिवृत्तं’ आहे. त्यात इतर सभासदांच्या थकबाकी, गळतीच्या तक्रारी, कुणाचं घरगुती भांडण, असं सगळं असणार. संबंध फक्त या एका फ्लॅटच्या ट्रान्सफरचा. इथे तुम्हाला खरी हरकत घेता येते. वही नेऊन न्यायाधीशांना सांगा की या फ्लॅटसंबंधीची पानं अमुक अमुक आहेत, त्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत, बाकीची पानं पक्षकारांना दाखवू नयेत. कोर्ट स्वतः वही चाळून ठरवू शकतं. मागणी याहून मोघम असती, ‘संस्थेचे सर्व रेकॉर्ड’ अशी, तर मी तारखेच्या आधीच वकिलामार्फत अर्ज करून समन्स मर्यादित करून घ्या असं सांगितलं असतं. कुठेतरी काहीतरी सापडेल या आशेनं दुसऱ्याचं अख्खं कपाट उघडायला लावणं हे कोर्टांना मान्य नाही.

काही कागदांना कायद्याचं वेगळं संरक्षण आहे. दाव्यात पक्षकार नसलेल्या साक्षीदाराला स्वतःच्या मालमत्तेची मालकी दाखवणारे दस्त किंवा स्वतःला गुन्ह्यात अडकवू शकेल असा कागद हजर करायला भाग पाडता येत नाही, तो हजर करण्याचं त्यानं लेखी मान्य केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. हे साक्ष अधिनियमाचं कलम १३५. वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहारही गोपनीय असतो. तेव्हा या फ्लॅटच्या भांडणाबद्दल संस्थेनं आपल्या वकिलाकडून घेतलेला लेखी सल्ला त्या फाइलमध्ये लावलेला असेल तर तो वेगळ्या पाकिटात ठेवा, पाकिटावर तसं लिहा आणि कोर्टाला सांगा. गुपचूप काढून घरी ठेवू नका.

कागद संस्थेकडे नाहीतच, असंही होतं. इथे कलम १६५ मधल्या ‘ताब्यात किंवा अधिकारात’ या शब्दांकडे लक्ष द्या. फाइल रीडेव्हलपमेंटसाठी आर्किटेक्टकडे गेली आहे, इतिवृत्त ऑडिटरकडे आहे, म्हणून हात झटकता येत नाहीत. ती तुमच्या सांगण्यावरून परत येऊ शकते, म्हणजे ती तुमच्या अधिकारात आहे. पत्र पाठवून मागवून घ्या आणि त्या पत्राची प्रत जवळ ठेवा. खरोखरच नष्ट झालं असेल तर तसं प्रतिज्ञापत्र करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या पुरात मिठी नदीकाठच्या आणि सखल भागातल्या तळमजल्यावरच्या ऑफिसांमधली दप्तरं भिजून गेली, आणि त्याची किंमत वारसाहक्काच्या दाव्यांत कुटुंबं अजून मोजतात. प्रतिज्ञापत्रात मोघम ‘सापडत नाही’ लिहू नका. शेवटचं कधी पाहिलं, कुठे ठेवलं होतं, कुठे कुठे शोधलं, नष्ट झाल्याचा ठराव किंवा पंचनामा आहे का, हे लिहा. तुमच्या त्या चार ओळींवर दुसऱ्याचा हक्क टिकतो: मूळ नष्ट झाल्याचं कोर्टाला पटलं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६० खाली त्या पक्षाला प्रत किंवा इतर दुय्यम पुरावा देता येतो. तुम्ही गुळमुळीत लिहिलंत तर तो दरवाजाही बंद होऊ शकतो.

सीसीटीव्हीचं वेगळं आहे. दावा साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर येईपर्यंत बहुधा वर्षं उलटलेली असतात आणि रेकॉर्डर काही आठवड्यांत जुन्यावर नवं रेकॉर्ड करतो. म्हणून ते फुटेज मूळ यंत्रात नसण्याचीच शक्यता जास्त. यंत्राची साठवण किती दिवसांची आहे ते देखभाल करणाऱ्या कंपनीकडून लेखी घ्या आणि तसं कोर्टाला कळवा. पण त्या वेळी कुणी पेनड्राइव्हवर कॉपी घेऊन ठेवली असेल, तर ती आहे तशी जपा, नाव बदलू नका, कापू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

अशी कॉपी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राशिवाय पुराव्यात येत नाही. हा नियम पक्का झाला तो आपल्या महाराष्ट्रातल्याच खटल्यात. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओ चित्रणाचा वाद होता. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचं आहे, पण यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो ते देत नसेल तर पक्षकारानं कोर्टाकडे अर्ज करावा आणि कोर्टानं त्या माणसाला समन्स काढून ते मागवावं. म्हणजे उद्या हे प्रमाणपत्र तुमच्याकडून मागितलं जाऊ शकतं. नव्या कायद्याच्या अनुसूचीत त्याचा नमुना दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत, ‘अ’ भाग सादर करणाऱ्यानं आणि ‘ब’ भाग तज्ज्ञानं भरायचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलमधला एक बिंदू बदलला तरी बदलणारा आकडा. ज्या यंत्राबद्दल तुम्हाला स्वतःला माहिती नाही त्याबद्दल सही करू नका. कॉपी अध्यक्षांनी घेतली असेल तर त्यांची माहिती, त्यांची सही.

सहीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मुलीचा वकील तयार प्रतिज्ञापत्र घेऊन येईल आणि ‘ही तुमची सरतपासणी, फक्त सही करा’ म्हणेल. सरतपासणी म्हणजे बोलावणाऱ्या बाजूनं घेतलेली साक्षीदाराची पहिली तपासणी. तुम्ही समन्सनं आलेले साक्षीदार आहात, तिचे साक्षीदार म्हणून स्वतःहून आलेले नाही. असं प्रतिज्ञापत्र देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. तुमची सरतपासणी कोर्टात प्रश्नोत्तरांनी होऊ शकते आणि माझ्या मते तीच तुमच्यासाठी बरी. दुसऱ्यानं लिहिलेल्या वाक्यांवर उलटतपासणीला उत्तरं देण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांत कमी बोललेलं बरं. वहीत पाहून उत्तर देऊ का, असं विचारता येतं. जे घडलं तेव्हा तुम्ही सचिव नव्हता, ते ‘रेकॉर्डवरून सांगतो’ असंच सांगा. मुलीचा स्वभाव, वडिलांची इच्छा, कोण त्यांची काळजी घेत होतं, यांवर विचारल्याशिवाय एक शब्द नको.

प्रत्यक्ष तारखेचं थोडक्यात. आधी समन्स खरं आहे का ते पाहा, कारण सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर बनावट नोटिसा फिरतात. खऱ्या समन्सवर दाव्याचा क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, तिथे सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक आणि पुढची तारीख दिसते. कुणी फोन करून ‘समन्स रद्द करायला पैसे भरा’ म्हणालं तर तो भामटा आहे. साक्षीदार पैसे भरत नाही, साक्षीदाराला पैसे मिळतात: प्रवासखर्च आणि दिवसाचा भत्ता अर्जदार पक्षानं आधी कोर्टात भरायचा असतो. वह्यांचं ओझं मोठं असेल आणि टॅक्सीनं जावं लागणार असेल तर तसा जादा खर्च कोर्टाकडे मागा, आदेश १६ च्या नियम ४ मध्ये तरतूद आहे.

सिटी सिव्हिल कोर्टाचं मुख्य काम फोर्टमध्ये ओव्हल मैदानासमोरच्या जुन्या सचिवालयाच्या इमारतीत चालतं, उपनगरासाठी दिंडोशीला वेगळी इमारत आहे. समन्सवरचा पत्ता आणि कोर्टरूम नंबर नीट पाहून निघा, चुकीच्या इमारतीत पोचून तारीख हुकलेली माणसं मी पाहिली आहेत. बोर्ड सुरू होण्याआधी पोचून शिरस्तेदारांना समन्स दाखवा आणि आल्याचं सांगा. न्यायाधीश रजेवर असतील किंवा प्रकरण पुकारलं गेलं नाही, तर तुमचं काम संपलं असं समजू नका. पुढची तारीख रोजनाम्यातून लिहून घ्या. कोर्टानं मोकळं करेपर्यंत तुम्ही बांधील आहात. नोकरी असेल तर हजेरीचा दाखला मागून घ्या. कधी कधी साक्ष कोर्टाऐवजी कोर्टानं नेमलेल्या कमिशनरसमोर नोंदवली जाते, हायकोर्टाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात) तर सर्रास. तिथल्या समन्सलाही हेच नियम लागू आहेत.

तुमच्या संस्थेतल्या बँक अधिकारी सभासदानं ‘आम्हाला असं बोलावता येत नाही’ असं सांगितल्याचंही तुम्ही लिहिलं आहे. त्यांचं बरोबर आहे, पण ते बँकांपुरतं. १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्ट आहे. बँक पक्षकार नसेल तर विशेष कारणासाठी दिलेल्या कोर्टाच्या आदेशाशिवाय बँकेच्या वह्या किंवा अधिकारी यांना बोलावता येत नाही, प्रमाणित उतारा पुरतो. सरकारी दस्ताचंही साधारण तसंच, प्रमाणित प्रत मिळत असेल तर अधिकाऱ्याला दप्तरासह ओढून आणण्याचं कारण नसतं.

आणि हे दिवाणी समन्स पोलिसांच्या मागणीशी मिसळू नका. उद्या चोरीच्या तपासात पोलीस सीसीटीव्हीचा रेकॉर्डर मागायला आले तर तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ येतं. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश मागा, यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या. तिथेही फक्त वस्तू हजर करायची असेल तर दुसऱ्याच्या हस्ते पाठवलेली चालते. आरोपीला मात्र स्वतःविरुद्ध कागद आणायला या कलमाखाली सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्येच गुजरातच्या श्यामलाल चोक्सी प्रकरणात घटनेच्या अनुच्छेद २० कडे पाहून ठरवलं आहे.

शेवटी, जे कागद कोर्टात राहतील ते परत कसे मिळतील? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३, नियम ९ खाली पक्षकार नसलेल्यालाही आपला कागद परत मागता येतो. एरवी दाव्याचा निकाल लागून अपिलाची मुदत संपल्यावर, पण त्याआधीही, प्रमाणित प्रत बदली ठेवून आणि गरज पडल्यास मूळ पुन्हा हजर करण्याची हमी देऊन. हा अर्ज साक्ष संपताच करा. मंजूर झाला नाही तर दावा आणि अपील मिळून तुमच्या कमिटीच्या पाच वर्षांच्या मुदतीपेक्षा जास्त काळ सहज जाईल, तेव्हा नव्या सचिवाला चार्ज देताना यादीत कोर्टाची पोच, दाव्याचा क्रमांक, सीएनआर आणि कोणत्या निशाणीवर (कोर्टानं कागदाला दिलेल्या क्रमांकावर) कोणता कागद आहे ते लिहून द्या.